एका जवळच्या मित्रासाठी वकील

“माझ्या एका जवळच्या मित्रासाठी चांगला वकील हवा आहे. दारू पिऊन गाडी चालवल्याची केस आहे. कुणाच्या ओळखीत असल्यास कृपया मला वेगळं कळवावं.”

हा मजकूर मी एका रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या मराठी ग्रुपवर टाकला. तो मित्र म्हणजे मीच.

सर्जापूर रोडच्या आतल्या बाजूला आमची सोसायटी आहे. पुण्या-मुंबईकडची, नागपूरकडची पन्नासेक कुटुंबं इथे राहतात आणि त्या सगळ्यांचा एक ग्रुप आहे. कामवाली, दाताचा डॉक्टर, कानडी शिकवणारी बाई, भाकरीचं पीठ, काहीही हवं असलं की तिथे विचारायचं आणि पाच मिनिटांत उत्तर यायचं. बेंगळुरूत इतकी वर्षं काढूनही या शहरातलं काहीही मी स्वतः शोधलेलं नाही. सगळं ग्रुपवर मिळालं. त्यामुळे वकीलही तिथेच मागावा असं मला वाटलं, यात मला त्या सकाळी काहीच विचित्र वाटलं नाही. आदल्या संध्याकाळी मला अटक झाली होती.

ती हकीकत थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात सांगण्यासारखं काही नाही. व्हाइटफील्डला एका सहकाऱ्याच्या निरोपाचं जेवण होतं. दुपारी सुरू झालं ते लांबलं. मी एरवी फारसा पीत नाही. निदान लोकांसमोर तरी नाही. सोसायटीच्या गणपतीत अथर्वशीर्ष मी सांगतो, पूजेचं ताट मी मांडतो, आणि माझ्याबद्दल लोकांचं जे मत आहे ते मला आवडतं. ऑफिसच्या लोकांत मात्र मी वेगळा असतो. त्या दिवशी आधी बिअर झाली, मग व्हिस्की. उठलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पार्किंगमधून गाडी सरळ बाहेर काढता आली म्हणून मी स्वतःला ठीक आहेस असं प्रशस्तिपत्र दिलं.

सर्जापूर रोडला वळण्याआधी पोलिसांचे बॅरिकेड दिसले. समोरच्या गाडीच्या खिडकीत पोलीस मशीन धरत होता. मी विचार केला नाही. रिव्हर्स टाकला आणि आरशात न बघता मागे घेतली. मागे स्कूटर होती.

स्कूटरवाला माझ्याच वयाचा, बँकेत नोकरी करणारा माणूस. बाजार करून घरी निघाला होता. त्याचे टोमॅटो रस्त्यावर पसरले आणि मागून आलेल्या रिक्षाने त्यातले निम्मे चिरडले. तो दुभाजकावर बसून घोटा दाबत होता. मी खाली उतरलो आणि त्याच्याजवळ न जाता टोमॅटो गोळा करू लागलो. पोलीस आला तेव्हा माझ्या दोन्ही हातांत टोमॅटो होते. मशीनमध्ये फुंकायच्या आधी ते ठेवायचे कुठे, हेच मला कळेना.

मग सरकारी दवाखान्यात रक्त घेतलं, मग स्टेशन. बाकावर आधीच एक जण बसला होता. हवालदार मला म्हणाला, सर, स्वल्प तिकडे सरका. त्याचा स्वर वाईट नव्हता. रोज कुणीतरी असतंच, आज मी होतो. बायको रिक्षाने आली, जामिनाच्या कागदावर सही केली आणि परतीच्या रिक्षात ती सबंध रस्ता मीटरकडे बघत होती. त्या माणसाचा घोटा मोडला आहे हे तिनेच मला सांगितलं. तिने विचारलं होतं. मी विचारलं नव्हतं.

तर सकाळी मी तो मेसेज टाकला. बायकोने तो चहा घेताना वाचला.

“जवळच्या असं का लिहिलंस?”

मी म्हणालो, नुसतं मित्र लिहिलं असतं तर लोकांनी मनावर घेतलं नसतं.

“तुला जवळचा एकच तर आहे,” ती म्हणाली आणि कप विसळायला गेली.

मला तिचं म्हणणं कळलं नाही. समजून घेतलं नाही, हे जास्त खरं.

तो एकच म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावर राहणारा नागपूरकर. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. मला भाऊ म्हणतो आणि अरे-तुरे करतो. मोठ्या आवाजाचा, मोठ्या हाताचा माणूस. एकतीस डिसेंबरला गच्चीवर बाटल्या तो मांडतो आणि आपण काय पितो, किती पितो हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो. “आपला तं सगळा कारभार उघडा आहे बा,” हे त्याचं नेहमीचं वाक्य. प्यायल्यावर मात्र तो गाडीच्या किल्ल्या बायकोकडे देतो. ही गोष्ट तो कधी मोठ्याने सांगत नाही, म्हणून कुणाला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे.

मेसेज पडल्यावर पहिलं उत्तर त्याचंच आलं, मला एकट्याला. “कोण आहे बे तो? काही लागलं तं सांगजो. जामीन पाहिजे असन तं मी येतो.”

मी लिहिलं, ऑफिसातला आहे, तू ओळखत नाहीस. त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि विषय सोडून दिला. ग्रुपवर मात्र मी हे लिहिलं नाही. ग्रुपवर मी सगळ्यांचे आभार मानले.

दोन नावं आली. पहिलं सोसायटीतल्या एका मुंबईकराने दिलं. या वकिलाचं ऑफिस शहराच्या मध्यावर होतं. बाहेर काचेचं दार, आत थंडगार, आणि वकील मुलगाच म्हणावा इतका तरुण. मी त्यालाही मित्राची केस म्हणूनच सांगितली. त्याला काही फरक पडला नाही. इंग्रजी आणि हिंदी मिसळून तो भराभर बोलत गेला. मशीनची तपासणी कधी झाली होती ते आपण मागू. रक्ताचा नमुना कुणी घेतला, कुठे ठेवला, ते विचारू. स्कूटरवाला फार जवळ उभा होता असं म्हणू. मग त्याने विचारलं, शेजारच्या सीटवर कुणी होतं का? नसलं तरी, गाडी मी चालवत होतो असं सांगणारा कुणी आहे का? चांगला दोस्त वगैरे?

मला लगेच नागपूरकर आठवला. तो आला असता. मी मागितलं असतं तर थोडा शिव्या देऊन, थोडं हसून, तो आला असता. मी वकिलाला म्हणालो, मित्राला विचारून सांगतो.

त्या वकिलाला मी नाकारलं, पण त्याचं श्रेय घेण्यासारखं काही नाही. खोट्याची चीड येऊन मी उठलो नाही. तो म्हणाला की केस चालेल, वर्षं जातील, समन्स घरी येतील. घरी म्हणजे सोसायटीच्या गेटवर, रजिस्टरमध्ये नोंद होऊन, पहारेकऱ्याच्या हातून. तेवढं ऐकलं आणि मी त्याच्या नावावर काट मारली. मला सुटायचं नव्हतं. मला कुणाला न कळता संपवायचं होतं.

दुसरं नाव दिलं होतं सोसायटीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी. ते बेळगावचे, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी फोनच केला. जे. पी. नगरला आमच्या गावची एक वकीलबाई आहे, ते म्हणाले, कोर्टात कानडी, तुमच्याशी मराठी, आणि वायफळ आशा दाखवत नाही. फोन ठेवताना ते थोडं थांबले. “बरं केलंत तुम्ही मध्ये पडलात. तुमच्यासारखा माणूस बरोबर असला की त्याला आधार.” त्या वेळी मला वाटलं की ते चांगुलपणाने बोलले. ते चांगुलपणानेच बोलले होते.

पुढच्या शनिवारी मी टॅक्सीने जे. पी. नगरला गेलो. बेकरीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एक कारकून टाईप करत होता, आणि दर थोड्या वेळाने “अक्का” अशी हाक मारून आत काहीतरी विचारत होता. बाई पन्नाशी ओलांडलेल्या, चष्मा डोक्यावर चढवलेला. त्यांचं मराठी माझ्या आत्याच्या सासरकडच्या लोकांसारखं, वाक्याच्या टोकाला मधूनच “की” लावणारं. मी आठवडाभर हा प्रकार इंग्रजीत बोलत होतो. इंग्रजीत ती घटना होती. इथे बसल्यावर पहिल्यांदा मला तोंडाने म्हणावं लागलं की दारू पिऊन गाडी चालवली आणि एका माणसाचा पाय मोडला. “मित्राने” हा शब्द मी पुढे घातला होता तरी रुमाल काढून कपाळ पुसलं.

“किती झाली होती?” बाईंनी विचारलं.

“तो म्हणतो, तीन-चार.”

“तो म्हणतो. बरं. मागं का बघितलं नाही त्यानं?”

“पोलीस दिसले म्हणून घाबरला असणार.”

“असणार नको हो. विचारून सांगा की. आणि पडलेल्या माणसाला भेटायला गेले होते का ते?”

मी म्हणालो, नाही. बहुतेक नाही. त्यांनी कागदावर काही लिहिलं नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

मग त्यांनी साधं सांगितलं. मशीनचा आकडा आहे, रक्ताचा रिपोर्ट येईल, रस्त्यावर कॅमेरा आहे. लढायचं म्हटलं तर लढता येतं, फी मिळते, त्या नाही म्हणणार नाहीत. पण त्यांचा सल्ला म्हणजे आधी त्या जखमी माणसाच्या उपचाराचं बघायचं, तेही वकिलामार्फत, आणि पहिल्याच तारखेला उभं राहून कबूल करायचं. दंड होईल, लायसन्स काही महिने जाईल. खुल्या कोर्टात स्वतःच्या तोंडाने हो म्हणावं लागेल, तेवढं मात्र कुणी त्यांच्यासाठी करू शकत नाही.

“तुमचे मित्र तेवढं करतील का?” त्यांनी विचारलं. “काका म्हणाले, माणूस मोकळा आहे. नागपूरचे ना? तुमच्याच बिल्डिंगमधले? मुलांना इथं मराठी वर्गाला तेच घेऊन येतात म्हणे. काकांना त्याचीच काळजी लागलीय.”

खाली बेकरीतून गरम बनचा वास येत होता. त्यांचं वाक्य मला पूर्ण कळलं. सगळ्या सोसायटीला तो मित्र कोण वाटतो, ते मला त्या एका क्षणात कळलं. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता.

मी मान हलवली. होकाराची.

बाई म्हणाल्या, “वकालतनाम्यावर त्यांचीच सही लागेल. पुढच्या वेळी त्यांना घेऊन या.”

परतीच्या वाटेवर मी स्वतःला समजावत होतो की मी काही बोललो नाही. मी कुणाचं नाव घेतलेलं नाही. मानेचं काय, ती नुसती हलली.

मराठी वर्गाबद्दल सांगायला हवं. जे. पी. नगरला एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी मराठी मुलांसाठी वर्ग भरतो. आमच्या सोसायटीतून सहा मुलं जातात. एक रविवार मी गाडी काढायचो, एक रविवार नागपूरकर. त्याची सात सीटची गाडी मुलांना जास्त आवडायची, कारण तो सिग्नलला थांबला की पाढे विचारायचा आणि मुद्दाम चुकीचे सांगायचा. त्याच्या गाडीच्या पुढच्या बंपरला पोचा होता. आमच्याच तळघरातल्या खांबाला लागून आलेला, माझ्यासमोर. हा पोचाही आता पुरावा झाला असणार.

दुसऱ्या दिवशीचा रविवार माझ्या पाळीचा होता. माझी गाडी पोलिसांच्या आवारात होती. त्याला मी क्लच गेल्याचं सांगितलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, मी नेतो ना, त्यात काय. सकाळी त्याचा फोन आला.

“भाऊ, पोरीला पाठव. आज कोणीच येऊन नाही राहिलं. एकाचं पोट, एकाचा पाहुणा. माझंच कार्टं बसलं आहे गाडीत एकटं.”

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. ती दप्तर घेऊन दारात चपला घालत होती. तिला माहीत होतं की बाबांची गाडी मागच्या शनिवारपासून घरी आलेली नाही आणि आई रिक्षाने कुठेतरी जाऊन बाबांना घेऊन आली. वाटेत सिग्नलला तो पाढे विचारेल आणि ही काहीतरी बोलून जाईल, हे मला दिसलं. मी फोनवर म्हणालो, हिला आज खोकला आहे.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. “मला खोकला नाहीये,” ती म्हणाली. मोठ्याने नाही. मी फोन हाताने झाकला होता तरी तिने आवाज बारीक ठेवला होता. तिने माझं खोटं सांभाळून घेतलं, हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

बाल्कनीतून मला तो गेटजवळ उभा दिसला. थोडा वेळ वाट बघून त्याने मागचं दार बंद केलं. सात सीटची गाडी एका मुलाला घेऊन बाहेर पडली.

बायको खालून भाजी घेऊन आली ती पिशवी खाली न ठेवताच माझ्यासमोर उभी राहिली. लिफ्टपाशी तिला सोसायटीतल्या दोघी भेटल्या होत्या. त्यांनी तिला सांगितलं की आम्ही जरा साशंक होतो, उगाच कुणाबद्दल काही समजू नये, पण आज तुम्हीसुद्धा पाठवलं नाहीत म्हटल्यावर खात्री झाली. नागपूरकराच्या बायकोला एकीने आडून विचारलंही होतं, घरी सगळं बरं आहे ना म्हणून.

“मी काय म्हणाले असेन त्यांना?” बायकोने मला विचारलं.

मी विचारलं, काय?

“काहीच नाही. तुझ्यासारखीच उभी राहिले.” पिशवी तिने आता खाली ठेवली. “मी जामिनावर सही केली. आता हे पण मीच सांगू का? नाही सांगणार. आज सांग त्याला. आजच.”

दुपारी वर्गाहून परतल्यावर तो तळघरातच भेटला. बंपरच्या पोच्यावर कुठलंतरी पॉलिश घासत बसला होता. मला बघून म्हणाला, ये भाऊ, हे पाहा, आपला मर्सिडीजचा कारखाना. मग फडकं खांद्यावर टाकून गंभीर झाला. तुला काही माहीत आहे का, त्याने विचारलं. बायकोला लोक काहीबाही विचारतात. पोरं येत नाहीत. कालपासून वॉचमनसुद्धा मला सलाम करताना हसतो. माझ्याकडून कोणाला काही बोलल्या गेलं का? त्याने ते इतकं मनापासून विचारलं की तो आठवड्याभरातलं आपलं बोलणं तपासत असणार हे दिसत होतं. स्वतःची चूक शोधत होता.

मी सांगितलं. उभ्या-उभ्या, खांबाकडे बघत सांगितलं. जेवण, बॅरिकेड, स्कूटर, मेसेज. वकीलबाईंकडे हलवलेली मान मी गाळणार होतो. तीही सांगितली. मुलीला खोकला नव्हता हेही.

तळघरात कुणाच्या तरी गाडीचा अलार्म वाजून बंद झाला.

“माझं नाव घेतलं का तू?”

“नाही.”

“मंग खोडलं का?”

“तेही नाही.”

“म्हंजे मी बाटली उघडी ठेवतो म्हणून मी बेवडा,” तो म्हणाला, “अन् तू अथर्वशीर्ष म्हणतो म्हणून तू सज्जन. वा.” त्याने फडक्याची नीट घडी घातली. एरवी तो कशाची घडी घालत नाही. “तू मला म्हटलं असतं ना, की माझ्यासाठी खोटं बोल, तं मी विचार केला असता. पण तू विचारलंच नाही. परस्पर वापरून घेतलं.”

मी माफी मागू लागलो. त्याने हात वर करून थांबवलं. माफी नंतर, तो म्हणाला, आधी जिथे लिहिलं तिथे लिही. मी म्हणालो, घरी जाऊन नीट लिहितो. तो म्हणाला, नीट कशाला लिहितो, नीट लिहिलं तेच तं नडलं.

मी तिथेच, त्याच्या गाडीच्या बॉनेटला टेकून लिहिलं. वकील मी माझ्यासाठी मागितला होता. दारू पिऊन गाडी मी चालवली, एका माणसाचा पाय माझ्यामुळे मोडला आणि पोलिसांनी मला अटक केली. ज्याच्याबद्दल आपण सगळे समजून बसलात त्याचा याच्याशी काहीही संबंध नाही. मला हे कळल्यावरही मी गप्प बसलो. शेवटी मी लिहिलं की मुलांना त्याच्या गाडीत पाठवायला हरकत नाही, आणि ते वाचून मीच खोडलं. ते सांगायचा मला काय अधिकार होता?

त्याला दाखवलं. त्याने वाचलं नाही. “टाक,” म्हणाला आणि पॉलिशची डबी घेऊन लिफ्टकडे गेला.

ज्या ग्रुपवर पाच मिनिटांत उत्तर येतं तिथे संध्याकाळपर्यंत एकही शब्द आला नाही. मग कुणीतरी तळघरातल्या पाण्याच्या गळतीबद्दल विचारलं आणि सगळे त्यावर तुटून पडले. काकांचा फोन मात्र आला. ते मला काहीच बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की मी आता खाली जाऊन त्या पोराची माफी मागून येतो, मी म्हातारा माणूस आणि मी हे पुढे सांगितलं. माझ्यासाठी त्यांना जिने उतरावे लागले. लिफ्ट नेमकी बंद होती.

जे. पी. नगरला मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा बाईंनी वकालतनामा पुढे ठेवला आणि माझ्यामागे कुणी येतंय का ते बघितलं. मी खिशातून पेन काढलं आणि सही केली.

त्या म्हणाल्या, “पहिल्याच दिवशी कळलं होतं. मित्राच्या केसमध्ये माणूस एवढा घाम पुसत नाही हो.”

मी विचारलं, मग तेव्हा काही म्हणाला का नाहीत?

“मी वकील आहे. माझ्यापुढं येऊन सगळेच आधी दुसऱ्याची गोष्ट सांगतात. कुणाचा भाऊ असतो, कुणाचा भाडेकरू असतो. ते चालतं.” चष्मा खाली ओढून त्या सही तपासू लागल्या. “तुम्ही मान हलवलीत ते मात्र लागलं मला. खरा माणूस आहे तो. त्याला पोरं आहेत.”

मी त्यांनाच का निवडलं, हे मला पुढे बायकोने विचारलं. तेव्हा मी काहीतरी मोठं उत्तर दिलं. खरं उत्तर असं की माझं सगळ्यात वाईट कृत्य त्यांच्या खोलीत घडलं होतं आणि त्यांनी ते पाहिलं होतं. दुसऱ्या वकिलाकडे गेलो असतो तर पुन्हा एकदा चांगला माणूस म्हणून आत शिरलो असतो.

कोर्टात फार वेळ लागला नाही. तारीख पडायला मात्र बरेच महिने गेले. तोवर त्या बँकेतल्या माणसाचं प्लास्टर निघालं होतं. तो थोडा लंगडत आला, मागच्या बाकावर बसला. उपचाराचा खर्च बाईंमार्फत त्याला पोचला होता. मी जवळ जाऊन हात जोडले. त्याने हिंदीत सांगितलं की जिना उतरताना अजून दुखतं. बाकी काही नाही. काउंटरवर चुकीचा फॉर्म आणलेल्या माणसाकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं, आणि ते मला योग्य वाटलं. न्यायाधीशांनी कानडीत विचारलं, तप्पु ओप्पिकोळ्तीरा? चूक कबूल आहे का? बाईंनी मला हा प्रश्न आधी शिकवून ठेवला होता. मी “हौदु”, म्हणजे हो, म्हणालो. माझ्या मागे याच प्रश्नासाठी रांग होती.

दंड झाला, लायसन्स गेलं. मुलं त्या सात सीटच्या गाडीत परत जाऊ लागली ती माझ्या मेसेजनंतरच्या दुसऱ्या रविवारपासून. माझी मुलगीही जाते. मी पाठवली नव्हती. त्याने तिला फोन केला, मला नाही. आता सगळे रविवार त्याचेच असतात, कारण माझी पाळी कुणी धरत नाही. लिफ्टमध्ये भेटलो की तो पाणी आलं का, लाईट गेली होती का, एवढं बोलतो. भाऊ म्हणत नाही.

वर्गात खुर्च्या मांडायला आणि हॉल आवरायला मी अजून जातो. बसने जातो. मागच्या रविवारी स्टॉपवर उभा होतो आणि सिग्नल लागल्यावर त्याची गाडी नेमकी माझ्यासमोर येऊन थांबली. मागे मुलं दाटीवाटीने बसली होती. माझ्या मुलीने काच खाली केली आणि हात हलवला. आतून पाढ्यांचा गोंगाट बाहेर आला. सत्रा आठे किती, तो विचारत होता, आणि स्वतःच एकशे चाळीस सांगत होता, आणि मुलं ओरडत होती. मला बघितल्यावर तो थांबला. समोर बघू लागला. मीही बसच्या दिशेला बघितलं.

मागच्या काचा वर घ्यायचं बटण ड्रायव्हरच्या हाताशी असतं. त्याने ते दाबलं नाही. सिग्नल सुटेपर्यंत काच तशीच खाली होती, आणि मुलगी हात हलवत होती.